शहाणा माणूस शोधायला मुंबईस गेलो त्याची हकीकत

आमच्या गावातले लोक मुंबईस दोन कारणांनी जातात, नोकरीसाठी किंवा घरात भांडण झाले म्हणून. मी तिसऱ्याच कारणाने गेलो. मला एक शहाणा माणूस हवा होता.

आमच्या गावात शहाणी माणसे नाहीत असे कोणी समजू नये. उलट ती फार आहेत आणि सगळ्यांचे म्हणणे एकच आहे. अडचण तीच होती.

माझा धंदा जोशाचा. लग्न, मुंज, वास्तुशांत, फार काय, नवी विहीर खणायची असली तरी लोक दिवस काढून घ्यायला माझ्या ओटीवर येतात. गेल्या माघात खोत चार वडीलधारी मंडळी घेऊन आले, सुपारी कातरली, पावसापाण्याचे बोलले आणि उठता उठता म्हणाले, "जोशीबुवा, आता मुलीचा दिवस काढा." माझी मुलगी नवव्या वर्षी विधवा झाली. आता ती सोळाची आहे आणि तिचे केस अजून डोक्यावर आहेत. ते उतरवण्याचा दिवस मीच काढून द्यायचा होता. सात वर्षे मी आज उद्या केले. आधी ती लहान होती, मग मला हिवताप आला, मग तिची आई गेली आणि वर्ष पाळायचे झाले. आता कारणे संपली होती. दुसऱ्यांच्या घरचे दिवस मी बोटांवर मोजून सांगतो, पण इथे माझी बोटे हलेनात. म्हणून म्हटले, "मुंबईस माझा भाऊ असतो. तिकडे मोठमोठे विद्वान आहेत. एकदा विचारून येतो." खोत म्हणाले, "खुशाल विचारा. पण चैत्र उलटू देऊ नका."

खरे सांगायचे तर मला काय उत्तर हवे ते मला ठाऊक होते. ते दुसऱ्या कोणीतरी, माझ्यापेक्षा मोठ्या माणसाने द्यावे एवढीच माझी इच्छा होती. निघताना मुलीने वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. मी कशासाठी जातो आहे हे तिला माहीत होते.

गिरगाव

आगबोटीविषयी लिहीत नाही. पोटातले सगळे समुद्राला अर्पण केले एवढे सांगितले की पुरे.

भाऊच्या धक्क्यावर केशव, म्हणजे माझा धाकटा भाऊ, घ्यायला आला होता. तो सरकारी कचेरीत कारकून आहे आणि गिरगावात एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. आमच्याकडे दोन खोल्यांत गुरेसुद्धा अवघडतात. इथे माणसे आनंदाने राहतात, वर गॅलरीत तुळस लावतात आणि शेजाऱ्याच्या घरात आज कसली आमटी आहे हे वासावरून ओळखतात. माझी भावजय थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. घरी ते ठीक असते, तिथे माजघर आहे, पडवी आहे. इथे आमच्या दोघांत एक पडदा, तोही गुडघ्यापर्यंत. ती पडद्याआडून केशवला सांगायची, "त्यांना विचारा, आणखी भात वाढू का," आणि मी केशवला सांगायचो, "नको म्हणावे." हात मात्र आधीच वाढून मोकळा झालेला असायचा.

पहिल्याच दिवशी सोवळ्याचा प्रश्न आला. मुंबईत पाणी विहिरीतून शेंदत नाहीत. भिंतीतून एक नळी येते, तिचे कान पिळले की पाणी पडते. ते कोठून आले, वाटेत त्याला कोणाकोणाचे हात लागले, आत चामडे आहे की काय, कोणी सांगू शकत नाही. मी केशवला विचारले, "ह्या पाण्याने संध्या चालते का?" तो म्हणाला, "दादा, सगळे गिरगाव ह्याच पाण्याने संध्या करते. देवाची अजून तक्रार आलेली नाही." मी डोळे मिटून आंघोळ केली. पाणी थंडगार होते आणि खरे सांगतो, मला फार बरे वाटले.

संध्याकाळी केशवने एका मोठ्या शास्त्रीबुवांकडे नेले. त्यांचे नाव मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून इथे देत नाही. बाहेर दहा-बारा माणसे बसलेली. शास्त्रीबुवा सोवळ्यात होते, कपाळी भस्म होते आणि कमरेला, सोवळ्याच्या निऱ्यांत, साखळीचे घड्याळ खोचलेले होते. आमच्याकडे विद्वान माणूस वेळ विसरतो, त्यावरूनच त्याला विद्वान म्हणतात. हे दर थोड्या वेळाने घड्याळ काढून पाहत.

मी नारळ ठेवला आणि हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली. मग म्हणाले, "करावे असे म्हणणारी वचने आहेत. न करावे असे म्हणणारी वचनेही काढता येतील. तुम्हाला कोणती हवी आहेत?"

मी गोंधळून म्हटले, "जी खरी असतील ती."

"दोन्ही खरी आहेत," ते म्हणाले आणि घड्याळ पाहिले. कापडाच्या दुकानात आपण 'चांगले दाखवा' म्हणावे आणि दुकानदाराने 'सगळेच चांगले' म्हणावे तसे झाले. मी नारळ तिथेच ठेवून बाहेर आलो.

पुन्हा गिरगाव, दुसऱ्या दिवशी

केशव म्हणाला, "दादा, शास्त्री जुन्या वळणाचे. तुम्हाला सुधारकाकडे न्यायला हवे." म्हणून आम्ही एका वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांच्या दिवाणखान्यात खाली बसायला जागाच नव्हती, सगळीकडे खुर्च्या. मी एका खुर्चीच्या कडेवर बसलो आणि ती माझ्यासकट मागे झुकू लागली. ती झुकायचीच खुर्ची आहे, असे मला मागाहून कळले. त्या वेळी मात्र मी "अरे अरे" करून केशवचे उपरणे धरले.

वकीलसाहेब मात्र माणूस भला होता. माझी गोष्ट ऐकून ते उठून उभे राहिले आणि बोलू लागले. काय ते बोलणे! ही रूढी कशी दुष्ट आहे, मुलींचा काय अपराध, आपण माणसे आहोत की कोण, असे ते अर्धा तास बोलत होते. इंग्रजी शब्द मधून मधून येत, ते मला कळले नाहीत, पण बाकीचे सगळे थेट काळजाला भिडले. माझ्या डोळ्यांना पाणी आले. मी मनात म्हटले, सापडला. हाच तो शहाणा माणूस.

इतक्यात आतून चहा आला. आमच्या गावात चहा प्यायला तर माणूस बाटतो असे म्हणतात, पण ती चिंता त्या वेळी मला सुचलीच नाही. चहाचे तबक घेऊन एक बाई आली. तांबडे आलवण नेसलेली, डोईवरून पदर घट्ट ओढलेला. पदराच्या आत केस नव्हते. वय पंचविसाच्या आतले. तिने तबक ठेवले आणि आल्या पावली आत गेली.

मी तिच्याकडे पाहिले हे वकीलसाहेबांनी पाहिले. ते खाली बसले. बराच वेळ कपात साखर ढवळत राहिले, साखर केव्हाच विरघळली असेल. मग हळू आवाजात म्हणाले, "माझी धाकटी बहीण. आईपुढे माझे काही चालत नाही, जोशीबुवा." आणि लगेच, जणू दुसऱ्याच कोणाविषयी बोलत आहेत तसे, "तुम्ही मात्र धीर धरा. तुमच्यासारख्या गावच्या माणसांकडूनच सुरुवात व्हायला हवी!"

चहा मी प्यालो. गोड होता.

दादर

तिसऱ्या दिवशी रविवार होता. केशवला सुट्टी होती आणि त्याच्या मनात एक मौनीबाबा होते. ते दादरला एका वाडीत असतात, बोलत नाहीत, पाटीवर लिहून उत्तर देतात आणि ते उत्तर आजवर चुकले नाही, असे तो म्हणाला. मी ट्रामीत बसलो. दोन घोडे पुढे आणि त्यांच्या डोक्यांवर उन्हासाठी टोप्या! आमच्या गावात मास्तरांनासुद्धा उन्हासाठी वेगळी टोपी नाही. भायखळ्यापर्यंत ट्राम, पुढे बैलगाडी. दादर आले तेव्हा मला घर आठवले. माडांची वाडी, भातखाचरे, दूर मिठागरांचे पांढरे तुकडे, आणि वाऱ्याला खाऱ्या पाण्याचा वास. मुंबईने इथवर हात लांबवलेला नाही असे मला वाटले, पण बाबांच्या मांडवात पोचलो तेव्हा अख्खी मुंबई आधीच तिथे येऊन बसली होती.

बाबा व्याघ्रांबरावर डोळे अर्धे मिटून बसलेले. शेजारी एक धष्टपुष्ट शिष्य. माणसाने शिष्याच्या कानात प्रश्न सांगायचा, शिष्याने तो मोठ्याने सर्वांदेखत बोलायचा, बाबांनी पाटीवर लिहायचे आणि शिष्याने वाचायचे. एका व्यापाऱ्याने कापसाचा भाव चढेल का म्हणून विचारले. बाबांनी लिहिले, "होईल." एका बाईने मुलगा परीक्षेत पास होईल का विचारले. "होईल." एका गृहस्थाला मानेवर गळू झाले होते, ते बरे होईल का? "होईल." केशवने लाजत लाजत बढतीचे विचारले. "होईल." त्याचा चेहरा असा फुलला की मला त्याच्या लहानपणची आठवण झाली.

मग माझी पाळी आली. मी शिष्याच्या कानात सांगितले आणि शिष्याने माझ्या मुलीची गोष्ट सगळ्या मांडवाला ऐकवली. "मुलीचे केशवपन, बाबा. काय आज्ञा?"

बाबांनी लिहिले, "होईल."

पाटी पुसून बाबा पुढच्या माणसाला लिहू लागलेसुद्धा, आणि मी तिथेच बसून राहिलो. मला कळत होते की बाबा सगळ्यांना तेच लिहितात. गळवालाही तेच, कापसालाही तेच. तरी ते अक्षर माझ्या डोळ्यांपुढून हलेना. केशव प्रसादासाठी थांबतो म्हणाला. मी म्हटले, "मी चालतो पुढे." मला माणसांत बसवत नव्हते.

परळ, लालबाग

दादरहून परळ आणि परळहून लालबाग असा मी चालत निघालो. रविवार असल्यामुळे गिरण्या बंद होत्या. केशव म्हणतो, इतर दिवशी पहाटे भोंगा होतो आणि त्या आवाजाने सगळी वस्ती उठते, कोंबडा इथे हौसेपुरता आहे. आज धुराडी नुसती उभी होती. चाळींच्या पुढे बायका कपडे वाळत घालीत होत्या, कुठे भजनाचा टाळ वाजत होता, कुठे बांगडे भाजल्याचा वास येत होता. मी नाकाला उपरणे लावले आणि थोड्या वेळाने काढले. वास वाईट नव्हता, नुसती सवय नव्हती.

लालबागच्या अलीकडे माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. एका पायात वहाण, एका पायात नाही, अशा थाटात मी एका वडाखाली दगडावर टेकलो. वडाखाली ओळीने न्हावी बसलेले आणि त्यांच्यापुढे गिरणीतले लोक डोके खाली घालून. रविवारी क्षौर! आमच्या गावात रविवारी कोणी वस्तऱ्याला हात लावला तर संध्याकाळपर्यंत ती गोष्ट माझ्या ओटीवर येते. शेवटच्या न्हाव्यापुढे जागा मोकळी होती. साठीचा असेल, मिशा पांढऱ्या. त्याने माझ्या गालांकडे पाहिले.

"भटजी, लई वाढलीय."

"आज रविवार," मी म्हटले. "क्षौराला वर्ज्य."

"आमच्या गिऱ्हाइकांना येकच दिस मिळतो, भटजी. तुमचा वर्ज्य असंल, पर त्यांना दुसरा हायच कुठं?"

त्याचे म्हणणे खरे होते. शिवाय पाय दुखत होता. मी त्याच्यापुढे बसलो. मुंबईत येऊन नळाचे पाणी, चहा आणि आता रविवारचे क्षौर. घरी परतेपर्यंत काही शिल्लक राहील की नाही, कोण जाणे.

त्याने पाणी लावून गाल चोळले. बोलण्यातून कळले की त्याचे मूळ गाव आमच्याच बाजूचे, दापोलीकडचे. "काय काम काढलंत मुंबैला?" त्याने विचारले. न्हाव्यापुढे बसलेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा दिसत नाही, हनुवटी धरलेली असते. त्यामुळेच की काय, शास्त्रीबुवांना आणि वकीलसाहेबांना जे मी सांभाळून सांगितले ते ह्याला सगळे सांगून टाकले. मुलीचे वय, तिचे लांब केस, तिची आई ते कसे विंचरायची, सगळे.

वस्तरा थांबला.

"भटजी, मी ते काम सोडलं," तो म्हणाला.

"कोणतं?"

"बायांच्या डोया करायचं. आदी करीत हुतो. गिरगावात माजी गिऱ्हाइकाची घरं हुती. येकदा येका घरी पहाटे बोलावलं. मागल्या दारी पोर बसवलेली, चौदा-पंधराची. रडत नव्हती. रडती तर बरं, आमाला त्याची सवय असती. मी केस भिजवले, वस्तरा उचलला. तर ती म्हनाली, 'काका, तुमचा हात का कापतोय?' तवा मला कळलं, हात कापतोय म्हून."

"मग?"

"मग काय? पुरं केलं काम. पोरीला लागू दिलं नाय कुठं." त्याने वस्तऱ्याचे पाते पुसले. "त्यानंतर मी कुनाच्या घरी त्या कामाला गेलो नाय. माज्यासारखे आमच्यात आनखी निघाले. बसलो, बोललो, ठरवलं, नाय करायचं."

मला राहवले नाही. माझा धंदाच तो. मी विचारले, "पण कोणाला विचारून ठरवलंत? काही शास्त्र, काही आधार?"

"इचारायचं कुनाला, भटजी? वस्तरा माज्या हातात हुता."

त्याने हे काही मोठ्या आवाजात सांगितले नाही. वस्तरा चामड्यावर दोनदा फिरवला आणि माझी हनुवटी पुन्हा धरली. मग सहज, बोलता बोलता म्हणाला, "तुमच्या गावात ह्याचा दिस कोन काडून देतो?"

मी म्हटले, "मी."

राहिलेला गाल त्याने फार हलक्या हाताने केला. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तीन दिवस मी मुंबईभर दारे ठोठावीत हिंडत होतो आणि ज्याने दिवस काढायचा तो माणूस सगळीकडे माझ्याच वहाणा घालून माझ्याबरोबर येत होता.

उठताना त्याने माझ्या तुटलेल्या वहाणेला सुतळीने असा पक्का फास मारून दिला की तिने मला गिरगावपर्यंत नेले. तिथे पोचताच आधी नळाखाली बसलो. पडद्याआडून आवाज आला, "त्यांना विचारा, रविवारी क्षौर?" केशव अजून दादरहून आला नव्हता, त्यामुळे उत्तर कोणामार्फत द्यायचे हा प्रश्न पडला. मी भिंतीला सांगितले, "हो. आणि फार छान केले त्याने."

घरी

मी परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी खोत आले. तीच चार मंडळी, तीच सुपारी. मी पंचांग काढले, कारण त्याशिवाय माझ्याशी बोलायची कोणाला सवय नाही.

"काय म्हणाले मुंबईचे विद्वान?" खोतांनी विचारले.

"दिवस आहेत," मी म्हटले. "चैत्रात आहेत, वैशाखात आहेत. मी काढून देणार नाही."

कोणी सुपारी चावेना. खोत म्हणाले, "दुसरा जोशी काढून देईल."

"देईल. पण मुलगी माझ्या घरात आहे आणि कडी आतून आहे."

"आधार काय ह्याला? कोणत्या शास्त्र्याचा?"

मला खोटे बोलता आले असते. गिरगावच्या शास्त्रीबुवांकडे हवा तो आधार मिळतो, त्यांचे नाव सांगितले असते तर काम भागले असते. पण मी म्हटले, "लालबागच्या एका न्हाव्याचा." मग मात्र ते उठले.

त्या दिवसापासून आमच्यावर ग्रामण्य आहे. पंगतीला बोलावणे येत नाही, विहिरीवर बायका आमची घागर बघून आपली बाजूला घेतात आणि मुहूर्त विचारायला कोणी ओटी चढत नाही. सगळे गाव आता शेजारच्या गावच्या जोशाकडे जाते. तो घड्याळ बघून घटिका सांगतो म्हणे. मला वाईट वाटत नाही असे म्हणणार नाही, वाटते. संध्याकाळी ओटीवर दिवा लावतो आणि कोणी येत नाही, तेव्हा फार वाटते. पण वेळ पुष्कळ मिळतो. हे प्रवासवर्णन त्या वेळेतच लिहिले, ज्यांनी मुंबई पाहिली नाही त्यांच्यासाठी.

माझे अक्षर गिचमिडे आहे, म्हणून ह्याची स्वच्छ प्रत मुलगी करते. लिहायला मीच तिला शिकवले आणि आता ती माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढते. काल तिने इथवर उतरून टाक खाली ठेवला. वेणी पाठीवर टाकली आणि म्हणाली, "अण्णा, केशवकाकांचं नाव आहे, ट्रामच्या घोड्यांच्या टोप्याही आहेत. मला सगळीकडे नुसतं मुलगी, मुलगी लिहिलंयत."

मी म्हटले, "नाव घालू का? लोक वाचतील."

"मीच घालते," ती म्हणाली, आणि घातले.

यमुना.